माशाच्या खवल्याएवढी नाणी

वाचकहो, आपल्या तळहातावर एक नाणे ठेवलेले आहे अशी क्षणभर कल्पना करा. ते गोल नाही आणि चौकोनीही नाही. कलिंगडाची बी चपटी करावी तसा त्याचा आकार आहे. वजन ०.६८ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सुमारे साडेपाच गुंजा. श्वास जोराने सोडला तर उडून जाईल की काय, असे वाटावे इतके ते हलके आहे. भिंगातून पाहिले तर एका बाजूस घोडेस्वार दिसतो. परंतु त्याच्या घोड्याचे मागचे पाय नाण्यात आलेलेच नाहीत. दुसऱ्या बाजूस चार-दोन अक्षरे दिसतात आणि वाक्य मध्येच तुटते. अशा नाण्यांना रशियात 'चेशुयका' म्हणजे 'खवले' म्हणतात, आणि हे नाव किती यथार्थ आहे हे एकदा नाणे पाहिले की कोणासही पटेल.

जगात नाणी जमविणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कोणी रोमन सम्राटांच्या मागे असतो, कोणी मोगलांच्या. परंतु जुनी रशियन नाणी जमविणारा मनुष्य एका बाबतीत इतरांहून निराळा पडतो: त्याला एकट्याने हा छंद करताच येत नाही. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. पण त्याचे कारण त्या खवल्यासारख्या नाण्यातच आहे. ते समजण्यासाठी प्रथम हे नाणे कसे घडत असे ते पाहू.

इ. स. १५३५ मध्ये मॉस्कोच्या गादीवर पाच वर्षांचा एक मुलगा होता. पुढे तो 'भयंकर इव्हान' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या वतीने राज्यकारभार पाहणारी त्याची आई येलेना ग्लिन्स्काया हिच्यापुढे एक मोठी अडचण उभी होती. लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढून घेत आणि उरलेले नाणे पूर्ण किमतीला खपवीत. भेसळीचा तर सुकाळच झाला होता. खोटी नाणी पाडणाऱ्यांना देहान्त शिक्षा दिल्या तरी तो प्रकार थांबेना. तेव्हा जुनी नाणी परत घेऊन सर्व राज्यासाठी एकाच वजनाची नवी नाणी पाडण्याचे ठरले. मोठ्या नाण्यावर भाला घेतलेला स्वार असे. भाल्यास रशियन भाषेत 'कोप्यो' म्हणतात. त्यावरून या नाण्यास पुढे 'कोपेक' हे नाव मिळाले. त्याच्या निम्म्या किमतीच्या 'देंगा' या नाण्यावरील स्वाराच्या हाती तलवार होती. आणि पाव किमतीच्या, ०.१७ ग्रॅम वजनाच्या 'पोलुश्का'वर एक लहानसा पक्षी होता. एवढ्याशा चांदीच्या टिकलीवर पक्षी कोरणाऱ्या त्या अनामिक कारागिराच्या दृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडेच!

नाणी पाडण्याची रीत अगदी साधी होती. चांदीची तार ओढीत, तिचे सारख्या लांबीचे तुकडे करीत, ते ठोकून चपटे करीत आणि दोन ठशांमध्ये धरून वर हातोड्याचा घाव घालीत. ठसे गोल होते आणि तारेचा तुकडा त्या मानाने लहान व लांबट होता. त्यामुळे ठशावरील पूर्ण चित्र नाण्यावर कधी मावतच नसे. एका नाण्यावर स्वाराचे डोके आणि भाल्याचा दांडा येई, दुसऱ्यावर घोड्याचे पाय आणि त्याखालची टाकसाळीची खूण. मागील बाजूस राजाचे नाव व पदव्या अनेक ओळींत कोरलेल्या असत. त्यांतील कोणत्या ओळींची कोणती अक्षरे कोणत्या तुकड्यावर उतरतील, हे हातोडा मारणाऱ्यासही ठाऊक नसे.

आता संग्राहकाची अडचण आपल्या ध्यानात येईल. समजा, आपल्याजवळच्या नाण्यावर 'फ्योदोर' या नावाची पहिली तीन अक्षरे तेवढी आली आहेत. हा फ्योदोर कोणता? १५८४ ते १५९८ पर्यंत राज्य केलेला फ्योदोर इव्हानोविच? १६०५ मध्ये अवघे काही आठवडे राजा असलेला, बोरिस गोदुनोव्हचा दुर्दैवी मुलगा फ्योदोर? की १६७६ ते १६८२ या काळातील फ्योदोर अलेक्सेयेविच? एवढ्यानेही भागत नाही. १६१२ मध्ये मॉस्को पोलिश सैन्याच्या हाती असताना मीनिन आणि पोझार्स्की यांनी जे लोकसैन्य उभारले, त्याने यारोस्लाव्ल येथे आपली टाकसाळ काढली. देशात सर्वमान्य असा राजा नव्हता. मग नाण्यावर नाव कोणाचे घालावे? त्यांनी १४ वर्षांपूर्वी मरण पावलेल्या फ्योदोर इव्हानोविचचे नाव घातले. पोलिश राजपुत्राच्या नावाने पाडलेल्या नाण्यांत आपल्या शिपायांचा पगार द्यायचा नाही, एवढा निश्चय त्या मृत राजाच्या नावामागे होता. म्हणजे तीच तीन अक्षरे असलेले नाणे एका निर्वंश राजाचे असू शकेल, एका खून झालेल्या मुलाचे असू शकेल, किंवा राजाविना लढणाऱ्या जनतेचे असू शकेल.

उत्तर मिळविण्याचा एक मार्ग म्हणजे काटा. कोपेकचे वजन काळानुसार घटत गेले; १५३५ साली ते ०.६८ ग्रॅम होते, तर १६९८ साली ०.२८ ग्रॅमवर आले. वजनावरून काळाचा बराच अंदाज बांधता येतो. परंतु नाणे झिजलेले असले तर काटाही फसवितो. खरा उपाय एकच: त्याच ठशाने पाडलेली दुसरी नाणी शोधणे. आपल्या नाण्यावर ठशाचा डावा भाग आला असेल, तर उजवा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी नाण्यावर आला असणार. तिसऱ्याजवळ खालची ओळ असेल. ही सर्व एकमेकांशेजारी ठेवून, समान भाग जुळवून, कागदावर रेखाटीत गेले म्हणजे चारशे वर्षांपूर्वी झिजून फेकून दिलेला ठसा हळूहळू पुन्हा पूर्ण होतो. याच पद्धतीने मॉस्कोच्या राज्य ऐतिहासिक संग्रहालयातील विदुषी आल्ला मेल्निकोवा यांनी हजारो खवले एकमेकांशी ताडून पाहिले. भयंकर इव्हानपासून पहिल्या पीटरपर्यंतच्या रशियन नाण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढे संग्रहालयातील मोठमोठे साठे होते. घरगुती संग्राहकापुढे असतात ती त्याची स्वतःची पाच-पंचवीस नाणी आणि त्याच्या मित्रांची नाणी. म्हणूनच रशियात एखाद्याला नवा खवला मिळाला की तो आधी भिंग काढतो आणि लगेच मित्राकडे धाव घेतो. पूर्वी यासाठी नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासून छाप घेत आणि ती पत्रातून धाडीत. आता छायाचित्र क्षणात पोचते. तथापि, माझ्या मते पेन्सिलीचा छाप अजूनही शिकण्यासारखा आहे. घरातील मुलांना एखादे नाणे, कागद आणि पेन्सिल देऊन पाहा. डोळ्यांना न दिसलेले एखादे अक्षर कागदावर उमटते तेव्हा त्यांचा आनंद पाहण्यासारखा असतो.

या खवल्यांच्या काळातच रशियाने एक कडू अनुभव घेतला. पोलंडशी चाललेल्या युद्धाचा खर्च भागेना, म्हणून झार अलेक्सेई मिखाइलोविचने १६५५ पासून तांब्याचे कोपेक पाडले. दिसण्यात ते चांदीच्या कोपेकसारखेच होते आणि किंमतही तीच ठरविली होती. सरकार पगार तांब्यात देई आणि कर मात्र चांदीत मागे. परिणाम काय झाला असेल हे कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. शेतकरी तांबे घेऊन धान्य देईनासा झाला, बाजारभाव भडकले आणि जुलै १६६२ मध्ये मॉस्कोचे लोक थेट कोलोमेन्स्कोये येथील राजवाड्यावर चालून गेले. बंड अत्यंत निष्ठुरपणे चिरडले गेले. पण पुढच्याच वर्षी सरकारला तांब्याची नाणी अगदी नाममात्र दराने परत घ्यावी लागली. ते काळवंडलेले तांब्याचे खवले आज संग्राहकांच्या पेटीत सापडतात. दिसण्यात त्यांच्यात काही विशेष नाही. चांदीच्या शेजारी ते हिणकसच दिसतात. पण एका पेटीत दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून ती गोष्ट पुरी होत नाही.

'रूबल' हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु कित्येक शतके रूबल नावाचे नाणेच नव्हते. तो चांदीच्या लगडीचा तुकडा होता; 'तोडणे' या अर्थाच्या रशियन धातूपासून हे नाव आले असे सामान्यतः मानतात. पुढे लगडी गेल्या आणि रूबल केवळ हिशेबाचे परिमाण म्हणून उरला. याचा एक दाखला आपल्याच भूमीत सापडतो. १५ व्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर नगराचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी समुद्रमार्गे कोकणातील चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरास गेला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. तो आपल्याला शंभर रूबलना पडला, असे त्याने आपल्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे. जुन्नरात बसून तो ज्या रूबलचा हिशेब करीत होता, तो त्याने नाणे म्हणून कधी हाती धरलेला नव्हता. त्याच्या खिशात असतील त्या त्वेरच्या इवल्याशा देंगा. 'देंगा' हा शब्द रशियन भाषेत तुर्की भाषांकडून आला, आणि आपल्याकडील 'टंका'शी त्याचे नाते आहे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आजही रशियन माणूस पैशाला 'देंगी' म्हणतो.

पहिल्या पीटरला हे खवले मुळीच आवडत नसत. युरोप पाहून आलेल्या या राजाने गोल, यंत्राने पाडलेली नाणी आणली. १७०४ मध्ये चांदीचा रूबल आणि तांब्याचा कोपेक निघाला आणि शंभर कोपेकांचा एक रूबल हे प्रमाण नाण्यांतच उतरले. दशमान पद्धतीचे चलन अशा रीतीने सर्वांत आधी रशियात आले. आपल्याकडे नवा पैसा १ एप्रिल १९५७ रोजी आला, हे ज्यांच्या घरी आजीआजोबांच्या आठवणींतून ऐकले असेल त्यांना या बदलातील गोंधळाची कल्पना येईल. रशियन लोकांनी तर जुने खवले सहजासहजी सोडलेच नाहीत. १७१८ पर्यंत ते नव्या नाण्यांबरोबर पाडले जात होते. पीटरच्याच कारकिर्दीतील आणखी एक वस्तू संग्राहकांना अतिप्रिय आहे. ते वास्तविक नाणे नव्हे. दाढी ठेवणाऱ्यांवर त्याने कर बसविला होता, आणि कर भरल्याची पावती म्हणून तांब्याचा बिल्ला मिळे. १७०५ च्या बिल्ल्यावर नाक, मिशा आणि दाढी कोरलेली असून वर 'पैसे घेतले' असे शब्द आहेत. खेडूतास मात्र दाढीसह शहराच्या वेशीतून जाता-येता दर खेपेस एक कोपेक मोजावा लागे.

पुढील शतकातील चमत्कारांविषयी थोडक्यात लिहितो. १७२५-२६ मध्ये उरल पर्वतातील येकातेरिनबुर्ग येथे तांब्याच्या चौकोनी पाट्याच चलन म्हणून निघाल्या. एक रूबलची पाटी सुमारे १.६ किलोग्रॅम भरे. बाजारास जाताना पिशवीऐवजी हमालच न्यावा लागला असता! दुसऱ्या कॅथरिनच्या काळातील पाच कोपेकचे नाणे ५१ ग्रॅमचे, म्हणजे सव्वाचार तोळ्यांहून अधिक. ते विपुल असल्यामुळे नवशिक्याने आरंभ करण्यास उत्तम. १८२८ ते १८४५ या काळात उरलमधील प्लॅटिनमची तीन, सहा व बारा रूबलची नाणी चलनात होती. लोकांना ती आवडली नाहीत; काळपट चांदीसारखी दिसतात म्हणून.

प्रत्येक रशियन संग्राहक ज्याविषयी बोलतो आणि ज्याची कोणीच आशा करीत नाही, असे एक नाणे आहे. नोव्हेंबर १८२५ मध्ये झार पहिला अलेक्झांडर वारला. त्याला मुलगा नव्हता. गादी भाऊ कॉन्स्टन्टिनची, असे सर्वांनी धरले. त्याने पूर्वीच गुप्तपणे हक्क सोडला आहे, हे फार थोड्यांस माहीत होते. पीटर्सबुर्गच्या टाकसाळीने घाईघाईने त्याच्या मुद्रेचे नमुन्याचे रूबल तयार केले. ठसा कोरणारा याकोव्ह रायखेल स्वतः मोठा नाणेसंग्राहक होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह हर्मिटाज संग्रहालयाने घेतला. तिकडे डिसेंबरमध्ये धाकटा भाऊ निकोलस गादीवर आला आणि त्याच दिवशी राजधानीत बंड झाले. अशा वेळी दुसऱ्या राजाच्या मुद्रेचे नाणे जवळ असणे म्हणजे प्राणाशी गाठ! ते थोडे रूबल आणि ठसे मोहोरबंद करून अर्थखात्यात ठेवले गेले आणि १८७९ पर्यंत तेथेच राहिले. आज त्यांपैकी एक हर्मिटाजमध्ये आहे.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. आपल्या देशात जुने रशियन नाणे कोठून येणार, असे आपण म्हणाल. परंतु भिलाईच्या पोलाद कारखान्यात रशियन तंत्रज्ञांबरोबर ज्यांनी काम केले, किंवा सोव्हिएत काळात जे मॉस्को, लेनिनग्राडला शिकावयास गेले, त्यांच्या घरी एखाद्या डब्यात बटणे व जुन्या किल्ल्या यांच्याबरोबर दोन-चार कोपेक असण्याचा पुष्कळ संभव आहे. ते सापडले तर चिंच किंवा राखेने घासू नका. घरातील तांब्याची भांडी लखलखीत ठेवण्याची आपली सवय येथे घातक ठरते. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर हेच नाण्याचे कवच; तो गेला की नाण्याची रेखाटने झिजतात, आणि जाणकार ते नाणे हातात घेऊन फक्त सुस्कारा टाकतो. नाणे कडेने धरावे, खाली मऊ कापड पसरावे आणि कोणी दिले, कोठून आले, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. पुढच्या पिढीला हीच टिपणे नाण्याहून मोलाची वाटतात.

ज्या नाण्याची गोष्ट मोठी, त्याची नक्कलही हमखास. प्लॅटिनमची नाणी, दाढीचा बिल्ला, खुद्द कॉन्स्टन्टिनचा रूबल यांच्या असंख्य प्रतिकृती विकल्या जातात. गेल्या शतकांत तर खुद्द टाकसाळच श्रीमंत संग्राहकांसाठी जुन्या नाण्यांच्या नव्या प्रती पाडून देई. वजन करणे, कड तपासणे आणि अनुभवी मित्राला दाखविणे, याखेरीज दुसरा इलाज नाही. हर्मिटाजचे इव्हान स्पास्की यांचा रशियन नाणेपद्धतीवरील ग्रंथ १९६७ मध्ये इंग्रजीतही आला. तो ग्रंथालयात मिळाल्यास अवश्य वाचावा.

खोट्या नाण्याने एका माणसाचे नुकसान होते. दुसऱ्या एका प्रकाराने सर्वांचेच होते. रशियन शेतकरी संकटकाळी आपले खवले अरुंद तोंडाच्या मातीच्या बुडकुल्यात भरून पुरीत असे, आणि कित्येकदा परत येऊन ते काढण्यास तो जिवंत राहत नसे. असे बुडकुले अखंड हाती आले तर त्यातील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून ते केव्हा पुरले हे कळते, आणि शेकडो नाण्यांचे ठसे एकमेकांशी जुळविता येतात. परंतु धातुशोधक यंत्र घेऊन रात्री शेते उकरणाऱ्यास त्याची काय पर्वा? तो चांगली नाणी निवडून एकेक करून विकतो, आणि जे पान अखंड वाचता आले असते त्याची अक्षरे दाही दिशांना जातात. २०१३ मध्ये रशियाने शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंसाठी परवान्याविना असे उत्खनन करण्यास कडक बंदी घातली. कित्येक संग्राहक या कायद्यावर नाराज होते. पण मला तो योग्य वाटतो. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा परदेशी मित्राशी अदलाबदल करावयाची ती छापांची आणि छायाचित्रांची.

आणि डब्यातून निघालेले नाणे सोव्हिएत काळातील असेल तर निराश होऊ नका. त्यावरील राजचिन्हात गव्हाच्या लोंब्यांना फीत गुंडाळलेली दिसेल. भिंग घेऊन तिचे वेढे मोजा. प्रत्येक वेढा एका प्रजासत्ताकाचा. १९३७ पासूनच्या नाण्यांवर ११ वेढे आहेत, १९४८ पासूनच्यांवर १६, आणि कारेलो-फिनिश प्रजासत्ताक १९५६ मध्ये रद्द झाल्यावर, १९५७ पासून, १५. नाणे एक, दोन किंवा तीन कोपेकचे आणि १९६१ पूर्वीचे असेल तर आणखी गंमत आहे. त्या वर्षी दहा जुन्या रूबलचा एक नवा रूबल झाला. पण ही बारीक नाणी बदलली नाहीत, त्यांच्या दर्शनी किमतीनेच ती पुढे चालू राहिली. ज्यांच्या बरणीत चिल्लर साठलेली होती, त्यांची पुंजी एका रात्रीत दसपट झाली. आपल्या डब्यातील तो कोपेक त्या रात्री कोणाच्या बरणीत होता, हे मात्र नाण्यावर कोठेच लिहिलेले नाही.